घरटी एक लाकूड

आमच्या गावात कुणी गेलं की लाकडासाठी कुणाच्या दारात जावं लागायचं नाही. लाकूड आपणहून यायचं.

प्रत्येक घराच्या मागच्या पडवीत एक ओंडका उभा करून ठेवलेला असायचा. आंब्याचा नाहीतर जांभळीचा, चांगला वाळलेला. तो चुलीत घालायचा नाही, त्याच्यावर कपडे वाळत टाकायचे नाहीत, पोरांनी त्याच्यावर बसायचं नाही. ते मढ्याचं लाकूड. कुणाच्या मढ्याचं ते ठाऊक नसायचं, पण कुणीतरी जाणार हे ठाऊक असायचंच. घरटी एक लाकूड आणि थोड्या शेणी. रडण्याचा आवाज आला की पुरुष माणसं ओंडका खांद्यावर घेऊन निघायची, ज्याच्या घरी मयत त्याच्या अंगणात टाकायची आणि मग काय बोलायचं ते बोलायची. ज्याच्याशी बोलणं नाही त्याचंही लाकूड यायचं. माझी सासू आणि पलीकडचं घर यांचं एका नारळावरून भांडण, तोंड बघायचे नाहीत एकमेकांचं. सासू गेली तेव्हा त्या घरचं लाकूड सगळ्यात आधी आलं, आणि सगळ्यात मोठं. आमचे हे म्हणाले, "भांडन जाड होतं ना, म्हणून लाकूडपन जाड."

सासूच्या तिरडीजवळ बसून आम्ही तोंडाला पदर लावून हसलो होतो. तसे होते ते.

या लाकडांवर त्यांचीच नजर असायची. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचे वडील बघायचे म्हणून तेही बघायचे. दिवाळी झाली की घराघरातून फिरायचे, मागच्या पडवीत जायचे, ओंडक्यावर बोटाची गाठ मारून बघायचे. कुणाच्या लाकडाला वाळवी लागली असली की दारात उभं राहून ओरडायचे, "वयनी, ह्या लाकडावर कोन जळनार गो? उंदीरपन जळनार नाय. बदला." आणि वयनी आतून म्हणायची, "तुमच्यासाठीच ठेवलाय तो, भावोजी. तुम्हांला कशाला पायजे चांगला?" मग चहा. असा एकेका घरी चहा पीत पीत ते दुपारी यायचे आणि जेवायचे नाहीत. मी चिडायची.

मी नंदाखालच्या पलीकडच्या गावातून या गावात सून म्हणून आले. चौथीपर्यंत शाळा, पुढे मोगऱ्याच्या कळ्या काढायला हात लागायचे म्हणून शाळा सुटली. इथेही तेच काम. वाडी घराच्या मागेच, केळी, मोगरा, बांधावर आंबे. पहाटे कळ्या काढायच्या, टोपलीत ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि बाजार गाठायचा. दिवस असे गेले की आता मागे बघितलं तर एकच लांब सकाळ वाटते.

मग पालिका आली. आधी गावात दोन तट पडले, हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे. नको म्हणणारे जास्त होते, पण आली ती आली. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. रस्त्याला दिवे आले. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायला लागली. कोपऱ्यापर्यंत बस आली, टोपली घेऊन चढता येईल अशी. आणि खाडीकडच्या स्मशानात पत्र्याची शेड झाली, नळ आला, बसायला बाकडी आली, आणि लाकूड फुकट मिळायला लागलं.

पहिल्यांदा एक म्हातारा गेला तेव्हा आमची माणसं रिवाजाप्रमाणे ओंडके खांद्यावर घेऊन स्मशानात गेली. तिथला पालिकेचा माणूस म्हणाला, "हे कशाला आणलं? इथे वजन करून लाकूड देतो आम्ही. परत न्या." आता मढ्यासाठी बाहेर काढलेलं लाकूड घरात परत कसं न्यायचं? कुणी नेलं नाही. सगळ्यांनी येता येता बावखलाच्या काठावर टाकून दिलं. दोन वाड्यांच्या मध्ये शिंपायच्या पाण्यासाठी खणलेलं खोल तळं असतं आमच्याकडे, ते बावखल. तिथे ते ओंडके पडून पडून कुजले. त्यांच्यावर अळंब्या उगवल्या.

त्यानंतर कुणी लाकूड ठेवलं नाही. देवळाच्या ओट्यावर आमचे हेच म्हणाले होते, "पालिका देतेय ना आता. घरात मढ्याचं लाकूड कशाला सांभाळायचं? घरात पोरंबाळं आहेत." सगळ्यांना पटलं. ह्यांनीच सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? आमच्या घरचा ओंडका त्यांनी स्वतः फोडला आणि न्हाणीच्या चुलीत घातला. पाणी छान तापलं होतं त्या दिवशी.

पुढे बिल्डर आला. तो काही आमच्या एकट्याच्या दारात नाही आला, सगळ्यांच्याच आला. हातात थोडे पैसे, बाकीचे फ्लॅट बांधून झाल्यावर, असा करार. माझा मुलगा, माझे धाकटे दीर आणि हे, तिघं बसून बोलले आणि मागची वाडी दिली, घराच्या बाजूचा मोगऱ्याचा एक पट्टा तेवढा ठेवला. हातात आलेल्या पैशांत मुलाने फुलपाड्याला फ्लॅट घेतला, वर बँकेचं कर्ज काढलं. तो तिकडे राहायला गेला, त्याला नोकरीला जवळ. आंबे मशीनने कापले. सकाळी उभे होते, संध्याकाळी ट्रकवर आडवे. कुठे गेले कोण जाणे. वाडीभोवती निळे पत्रे लागले आणि आत बिल्डिंग चढायला लागली.

चढता चढता मध्येच थांबली. खालचे तीन मजले नुसते खांब आणि छत, वर सळया आभाळात.

मुलगा रविवारी आला की सांगायचा. फ्लॅट विकले जात नाहीत आई. एवढ्या बिल्डिंगी उठल्या, राहायला माणसं नाहीत. माझ्या खालचा माणूस मी घेतला त्याच्यापेक्षा कमी भावात विकून गेला, आणि त्याच्यानंतरचा त्याहून कमी.

मी विचारलं, "तुझं छप्पर गळतं काय?"

"नाही."

"मग घर तेच आहे ना?"

"तुला नाही कळणार," म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलेलं असायचं. जेवताना मोबाईलमध्ये भाव बघत बसायचा, आम्ही भाजीचे भाव बघतो तसा. माझी सून म्हणायची, "अहो, रोज बघितल्याने वाढणारे का तो?"

मग हळूहळू गावातलंही कमी व्हायला लागलं. पहिल्यांदा बस. ती तासातासाला यायची, मग सकाळ-संध्याकाळ, मग एक दिवस आलीच नाही. आम्ही चार बाया टोपल्या घेऊन उन्हात उभ्या. कळ्या फडक्याखाली उमलायला लागल्या. उमललेल्या कळीला कोण विचारतो? त्या दिवशी रिक्षाला पैसे घालून गेलो, ते परत आलेच नाहीत. नंतर रस्त्यावरचा दिवा गेला तो तसाच राहिला. कचऱ्याची गाडी रोज यायची ती अधूनमधून यायला लागली, गाणं तेच.

हे बसची चौकशी करायला पालिकेच्या ऑफिसात गेले. त्यांना तिथे कुणीतरी बसवून नीट सांगितलं म्हणे. संध्याकाळी आले ते बावखलाकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ह्याच्यात पाणी कुठून येतं?"

"असं काय विचारता? वरून पावसाचं, खालून झऱ्याचं."

"तसंच पालिकेचं. वरून सरकार द्यायचं. खालून बिल्डिंगींचं यायचं. नवी बिल्डिंग बांधायची परवानगी, तिचे पैसे. घर विकलं की सरकारात जी रजिस्ट्री होते, त्यातला वाटा. नवीन घर झालं की त्याची घरपट्टी. आता सरकारने हात आखडला आणि बिल्डिंगी थांबल्या. वरचं थांबलं, खालचं आटलं."

"आणि शिंपणं?"

"शिंपणं चालूच. म्हणून तळ दिसतोय."

मी म्हटलं, "मग बस कधी येणार?"

"नाय येणार," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. त्यांना राग आला नव्हता. पण त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसून त्या अर्ध्या बिल्डिंगीकडे बघायचे. तिथे एक राखणदार होता, उत्तरेकडचा, तरुणही नाही आणि म्हाताराही नाही. पत्र्याला भोक होतं, त्यातून ह्यांचं आणि त्याचं तंबाखूचं देणंघेणं चालायचं. त्याला मराठी येत नव्हती, ह्यांना हिंदी येत नव्हती. तास तास बोलायचे.

ते गेले ते फाल्गुनात. ऊन कडक व्हायला लागलं होतं. सकाळी चहा घेऊन पडवीत बसले. मी कळ्या निवडत होते. काहीतरी विचारलं मी, काय विचारलं तेही आता आठवत नाही, आणि उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर मान खांबाला टेकलेली आणि कप मांडीवर सरळ. सांडलासुद्धा नव्हता.

मुलगा फुलपाड्याहून आला, सून आली, दीर शेजारीच. माझी नणंद लांबून यायची होती, तिच्यासाठी थांबलो. डॉक्टरचा दाखला, पालिकेतली नोंद, पावती, सगळं मुलाने धावत धावत केलं. अंगणात त्यांना ठेवलेलं, आम्ही बाया बसलेल्या, आणि रस्त्यावरून रिक्षा आली भोंगा लावून. घरपट्टीची. थकबाकी भरा, नाहीतर जप्ती होईल, शहराच्या विकासाला हातभार लावा, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. वर्ष संपत आलं की ती रिक्षा यायचीच, पण त्या वर्षी रोज फिरत होती. रिक्षावाल्याने अंगण बघितलं, भोंगा बंद केला, खाली उतरला आणि लांबून हात जोडले. मग रिक्षा ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, तिथे जाऊन चालू केली. कुणाचा पोरगा होता ठाऊक नाही. भलं होवो त्याचं.

बायांनी माझ्या बांगड्यांना हात लावला. मी म्हटलं, फोडू नका, उतरवा. उतरवल्या.

दुपार कलल्यावर त्यांना नेलं. पुरुष गेले, आम्ही अंगण सारवलं, आंघोळी केल्या. गल्लीत कुणाची चूल पेटलेली नव्हती. आमच्याकडे सरण पेटल्याचं कळेपर्यंत पेटवत नाहीत. लहान पोरं भुकेने कुरकुरत होती, त्यांच्या आया त्यांना केळी देत होत्या. मला वाटलं, आता थोड्या वेळात पुरुष येतील, दारात कडुलिंबाचा पाला ठेवायला हवा. तेवढ्यात माझे धाकटे दीर मोटारसायकलवर आले. एकटेच. अंगणाच्या बाहेर उभे राहिले, आत आले नाहीत.

"वयनी," म्हणाले, "लाकूड नाय."

मला कळलंच नाही. "कसलं लाकूड?"

"तिथे लाकूडच नाय. शेड रिकामी. वखारवाल्याचं बिल पालिकेने किती दिवस दिलं नाय, त्याने गाडी पाठवणं बंद केलं. तिथला माणूस बिचारा हात जोडतोय, म्हणतो मलापन पगार नाय."

"वखारीतून विकत आणा मग."

"गेलो होतो. वखारीला टाळा. विरारकडच्या वखारीत फोन लावला, तो म्हणतो उद्या सकाळी. गॅसची दाहिनी आहे लांब तिकडे, तिथे विचारलं, तीही बंद. भाऊ दगडावर आहे वयनी."

ऊन अजून होतं पण नारळांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

कुणी विचारलंच नव्हतं. मुलाने सगळे दाखले काढले, पण लाकूड आहे का, हे त्याला सुचलं नाही, दिराला सुचलं नाही, म्हाताऱ्या पुरुषांनाही सुचलं नाही. इतकी वर्षं ते तिथे असायचंच. पूर्वी तिरडी उचलायच्या आधी अंगणात लाकूड डोळ्यांना दिसायचं. आता अंगण मोकळं होतं आणि ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

नवीनच लग्न होऊन आलेली एक पोर मागून म्हणाली, "मग त्यांना घरी आणायचं. सकाळी नेऊ."

सगळ्या म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. पोर घाबरली. तिला कोण सांगणार? एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं मढं घरात परत येत नाही. ज्याला पोचवलं त्याला परत आणायचं नाही, तो मग कुठलाच राहत नाही, इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. आणि दिवस मावळल्यावर आग देत नाहीत आमच्यात. म्हणजे रात्रभर खाडीच्या काठाला, कुत्र्यांच्यात, दगडावर. मुलगा राखत बसला असता. पण ते तिथे तसे पडलेले, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि हललंच नाही.

माझी शेजारीण ख्रिस्ती. माझ्याच वयाची, तिच्या घरी मोगरा, माझ्या घरी मोगरा, आयुष्यभर बरोबरच बाजाराला गेलो. ती माझ्या बाजूला बसलेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात बरं बाय, खड्डा खणला की झालं." आणि जीभ चावली.

मी म्हटलं, "खड्ड्यालापन आता जागा कुठं उरली?"

"तेपन खरं," म्हणाली, आणि माझा हात धरला. मग म्हणाली, "माझ्याकडं झावळ्या आहेत सुकलेल्या. करवंट्या आहेत पोतंभर. घेऊन जा. पण त्यावर मानूस नाय जळत."

दीर म्हणाले, घरातलं काही बघू का? दरवाजे, खाट? त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

मी उठले. बाया म्हणाल्या, बाहेर पडू नको, आज नाही पडायचं. मी मागच्या पडवीतून गेले, पत्र्याच्या भोकापाशी. ते भोक माणूस जाईल एवढं नव्हतं. मी पत्र्यावर हात मारला. राखणदार आला. त्याला कळलेलं होतं, सकाळी तोही अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला होता.

आत, पहिल्या छताखाली, बिल्डिंगीचं सगळं लाकूड रचून ठेवलेलं होतं. छत ओतताना खाली लावतात त्या फळ्या आणि त्यांना आधाराला लावायच्या बल्ल्या. काम थांबल्यावर त्यानेच सगळं काढून नीट रचलं होतं, फळ्या एकीकडे, बल्ल्या एकीकडे. का रचलं ते मला ठाऊक होतं, ह्यांनी सांगितलं होतं. सेठ कधीचा आला नव्हता, फोन उचलत नव्हता. हे लाकूड विकून मिळतील त्या पैशांत तो गावी जाणार होता. गिऱ्हाईक बघत होता.

मी म्हटलं, "भैया, लाकूड दे."

तो म्हणाला, "माताजी, वो तो सेठ का माल है।"

मला दुसरं काही बोलायला येत नव्हतं. मी म्हटलं, "ते तिकडे दगडावर आहेत."

त्याला मराठी कळत नव्हती म्हणतात. तो गेला, पहार घेऊन आला आणि पत्र्याचे खिळे उचकटायला लागला. एक अख्खा पत्रा त्याने काढून बाजूला ठेवला. मग रचलेल्या लाकडाकडे एकदा बघितलं, जसं आपण भरलेल्या ताटाकडे बघतो आणि उठतो, तसं. आणि म्हणाला, "पहले बल्ली ले जाओ माताजी. वो देर तक जलेगी।"

पहिली बल्ली त्यानेच खांद्यावर घेतली.

शेजारणीच्या मुलाचा फुलांचा टेम्पो होता, तो मागच्या बाजूला लावला. मग गल्ली आली. पुरुष तिकडे स्मशानात, म्हणून बायाच जास्त. फळ्या जड, सिमेंटने माखलेल्या, खिळे बाहेर आलेले. कुणीतरी म्हणालं खिळे काढून घेऊ. दीर म्हणाले, वेळ कुठे आहे? मागे एक बिल्डिंग आहे, पुरी झालेली, तिच्यात थोडी माणसं राहतात आणि बाकी खिडक्या अंधाऱ्या. तिथली दोन माणसं खाली आली, विचारलं काय चाललंय, कळलं तशी चपला काढून उचलायला लागली. त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नणंद म्हणाली, "ह्या परक्यांना मढ्याच्या लाकडाला शिवू द्यायचं का?" मी म्हटलं, "लाकूडच आहे ते, शिवू दे."

मला कुणी उचलू दिलं नाही. मी पत्र्याजवळ उभी राहिले. शेजारणीने झावळ्या टाकल्या, करवंट्यांचं पोतं टाकलं, वर दोरी बांधली, आणि टेम्पो गेला. राखणदारही त्यात बसून गेला.

त्या फळ्यांना काळं तेल लावलेलं असतं, सिमेंट चिकटू नये म्हणून. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने खाडीच्या बाजूला धूर दिसला, काळाकुट्ट, डांबराच्या पिंपासारखा. एक म्हातारी म्हणाली, "धूर असा कसा गो काळा?" तिला वाटलं, काही अशुभ. माझी सून घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, पेटलं ना? मग झालं. चुली पेटवा, पोरं उपाशी आहेत.

दिवस तेव्हा अजून मावळला नव्हता. तेवढं झालं.

मुलाने नंतर सांगितलं, सरण जळताना फट् फट् आवाज येत होता. सिमेंटचे पापुद्रे उडत होते. माणसं मागे सरकली. राखणदार मात्र जवळच उभा होता, बल्ल्या काठीने आत ढकलत. त्याने येताना एक तंबाखूची पुडी सरणावर ठेवली म्हणे. त्याचं पुढे काय झालं? दिराने आणि मुलाने मिळून त्याला गावी जायचे पैसे दिले. त्याने नको म्हटलं नाही. कसं म्हणेल?

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला मुलगा आणि दीर गेले. पाणी शिंपडून राख निवल्यावर बघतात तर राखेत खिळेच खिळे. बोटाएवढे, वाकडे, जळून काळे पडलेले. अस्थी कमी, खिळे जास्त. दोघं उकिडवे बसून वेगळे करायला लागले. स्मशानातला माणूस आला, त्याने कुठल्यातरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून आणलं आणि राखेवरून फिरवलं. खिळे झुपक्याने चिकटून वर यायचे. मग त्याने खाली मान घालून विचारलं, "दादा, हे खिळे मी ठेवू का? भंगारात घेतात. पगार आला नाही, म्हणून विचारतो. तुम्हांला वाईट वाटत असेल तर राहू दे."

मुलाने ठेव म्हणून सांगितलं. घरी येऊन मला विचारलं, "आई, चुकलं का माझं?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. त्याच्याकडे पोरं असतील."

अस्थी राजोडीच्या समुद्रात सोडल्या. भरती होती. मुलगा कमरेएवढ्या पाण्यात गेला, मडक्यात हात घालून मूठभर घ्यायचं आणि पाण्यात सोडायचं, असं करत होता. चुंबकाने निघाला नव्हता असा एक खिळा मडक्याच्या तळाला होता. तो तळहातात घुसला. त्याने मडकं सोडलं नाही. सगळं झाल्यावर बाहेर आला तेव्हा हातातून पाणी आणि रक्त मिळून मनगटापर्यंत ओघळलेलं.

दीर त्याला तसाच पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले, धनुर्वाताच्या सुईसाठी. दवाखाना उघडा होता, नर्सबाईही होती. चांगली होती, तिने जखम धुतली. सुई नाही म्हणाली. वरून साठाच आलेला नाही, बाहेर खाजगीत घ्या. खाजगीवाला दुपारी बंद, संध्याकाळी उघडणार. म्हणून ते घरी आले.

मुलगा पडवीत बसला. त्याने त्या दिवसापर्यंत डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. वडील गेले तेव्हा दाखल्यांच्या मागे धावला, स्मशानात लाकडाच्या मागे धावला, नंतर पाहुण्यांच्या चहाच्या मागे. त्याला रडायला सवडच मिळाली नव्हती. तो हात पुढे करून बसला, पन्नाशीकडे आलेला माझा पोर, आणि तळहाताच्या मधोमध ते भोक.

मी हळद आणली. खोबरेल तेलात कालवली, गरम केली आणि जखमेवर दाबून धरली. त्याने हात ओढला नाही. आधी त्याचे खांदे हलले, मग तोंड वाकडं झालं, मग तो असा रडायला लागला की सून आतून धावत आली. मी तिला हाताने थांबवलं.

"झोंबतेय गो आई," म्हणाला.

मी म्हटलं, "झोंबते."

आणि हात सोडला नाही.